होमली पसंत पडलं

आमच्या लांज्यात इंग्रजी विशेषणं माणसाच्या पुढे उभी राहतात. मराठीतली आपली घरचीच, कुठंही बसतात. पण ही मागे सरकत नाहीत म्हणजे नाहीत.

माझी नात वैजू. तिची दोन स्थळं मोडली, म्हणून तिसऱ्या वेळेला सुनेनं, शालननं, मयेकर मास्तरांच्या इंग्लिश क्लासमधून तीन विशेषणं मागून आणली. फेअर, स्लिम आणि होमली. मी चौथी शिकलेली, पण एवढं कळतं मला. गोरी, बारीक, आणि घरात मुकाट राबणारी.

बघून हबकलेच मी. ना बाई, ना बाप्या!

"आजी, इंग्रजीत मुलगा-मुलगी बघून विशेषण बदलत नाही," मास्तर म्हणाले. "हेच स्लिम परवा मोबाईलपुढे उभं होतं."

पाहुणे आले. आमची तिन्ही विशेषणं पुढच्या खुर्च्यांवर बसली, वैजू मागे स्टुलावर. मुलाकडच्यांनीही टॉल आणि वेलसेटल्ड आणलेली. त्यांच्याआडून मुलाचा मला एक कान तेवढा दिसला.

मी मुद्दाम विचारलं, "होमली, पोहे कुणी केले गं?"

"मी केले," ते म्हणालं. लाज नाही मेल्याला!

"आजी, मी केले!" वैजू मागून ओरडली.

मुलाच्या आत्याबाई पोहे खात होत्या. "लग्नानंतर नोकरी सोडशील ना?"

"सोडेन," होमली म्हणालं.

"मुळीच नाही सोडणार!" वैजू किंचाळली. शालननं तिला चिमटा काढला.

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. "आम्हाला होमली पसंत आहे." तिथंच त्याची ओटी भरली आणि त्याला जीपमध्ये बसवलं.

शालन अंगणात धावली. "अहो, मुलगी मागेच राहिली!"

"तिचं काय काम?" आत्याबाई म्हणाल्या, आणि जीप गेली.

संध्याकाळी मास्तर आले. "माझं एक विशेषण कमी आहे. उद्या पाटणकरांच्या मुलीला बघायला येतायत, तीन कबूल केलीत मी." मग वैजूकडे बघून म्हणाले, "ही चालेल."

"ही विशेषण नाहीये, माझी लेक आहे!" शालन मध्ये पडली.

"पुढे उभी राहिली की होतं."

मला वाटलं, पोरगी आता मास्तरांच्या अंगावर जाते. पण ती म्हणाली, "पुढे उभं राहायचं ना?"

"अगदी पुढे."

"मग येते."

दुसऱ्या दिवशी पाटणकरांकडच्या पाहुण्यांचा निरोप आला. त्यांना वैजू पसंत आहे. नोकरी सोडणार नाही असं तिनं तोंडावर सांगितलं, तेही चालेल म्हणाले.

पाटणकरांची मुलगी मागून काहीतरी ओरडत होती म्हणे. काय ते कुणाला ऐकू आलं नाही.