वैरागकर मास्तरांची उभी चौथी

आमच्या सोलापूरच्या शाळेत पोरानं खोडी केली की त्याला भिंतीशी उभं करायची पद्धत होती. वैरागकर मास्तरांच्या चौथीत खोडी केली की खाली बसवत. आणि बसायची शिक्षा झालेलं पोर अक्षरशः गयावया करी, ‘मास्तर, एवढ्या डाव उभं राहू द्या की.’ असला उलटा कारभार मी सबंध नोकरीत दुसरीकडे पाहिला नाही.

मी शेजारच्या तिसरीचा मास्तर. मधे फक्त फळ्यांची भिंत. माझ्याकडे हाताची घडी, तोंडावर बोट; पाढे म्हणताना होईल तेवढाच आवाज, एरवी चिडीचूप. आणि पलीकडे बारमाही आठवड्याचा बाजार. मी छडी आपटून पोरांचं लक्ष फळ्याकडे वळवावं आणि तेवढ्यात पलीकडून चाळीस पोरांची धावाधाव सुरू व्हावी. माझं डोकं फिरे, खोटं कशाला बोलू?

वैरागकर अंगानं काटकुळे, चालणं तुरुतुरु. घरी एकटेच. बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच गेली, पुन्हा बोहल्यावर चढले नाहीत. शाळेत मात्र स्वतः फार बोलत नसत. पोरगं उत्तर घोकायला लागलं की एवढंच म्हणत, “तोंडानं नको. करून दाव की.”

अपूर्णांक शिकवायचे ते भाकरीवर. प्रत्येकानं घरून ज्वारीची भाकरी आणायची. पाव, निम्मी, पाऊण असे तुकडे करून दाखवायचे. बरोबर आलं तर मास्तरांच्या डब्यातली शेंगाची चटणी वर. एकदा हेडमास्तर गणित तपासायला गेले तेव्हा सगळ्या वर्गानं उत्तरं खाऊन टाकली होती.

पण त्यांचा खरा जीव जिल्ह्याच्या नकाशात. नकाशा कागदावर नाहीच. अंगणात एकेक पोरगं एकेक गाव होऊन उभं राही आणि मास्तरांची जुनी धोतरं म्हणजे नद्या. अक्कलकोट पडलं संस्थान, म्हणून ते पोर विटांच्या सरहद्दीपलीकडे उभं राही आणि त्याला मास्तरांचं पागोटं मिळे. साहजिकच अक्कलकोट व्हायला रोज मारामारी. हजेरीलासुद्धा नाव कुणी सांगत नसे. ‘वेळापूर का आलं नाही?’ असं मास्तर विचारत, आणि ‘वेळापुराला गोवर आलाय’ असं उत्तर मिळे.

हातमागवाल्यांच्या वस्तीतून येणारा राजय्या म्हणून एक पोरगा होता. घरी तेलुगू, शाळेत तोंडाला कुलूप. त्याला मास्तरांनी गाव दिलंच नाही, सीना नदी दिली. गावाला प्रश्न विचारतात, नदीला नुसतं वाहायचं असतं. धोतराचं टोक धरून राजय्या करमाळ्याच्या बाजूनं निघे आणि वळणं घेत खाली भीमेला जाऊन मिळे. एक वळण चुकत नसे.

एकदा मी तणतणत तक्रार करायला गेलो. मास्तरांनी ऐकून घेतलं, माझा दंड धरला आणि मला एका कोपऱ्यात नेऊन उभं केलं. नातेपुते तापानं आजारी होतं म्हणे. भर उन्हात दहा मिनिटं मी नातेपुते होतो आणि पोरं मला बाजारात काय काय मिळतं ते विचारत होती. मला धड सांगता येईना. तक्रार राहिलीच.

शेवटी हेडमास्तरांनीच मनावर घेतलं. डेप्युटीसाहेब वार्षिक तपासणीला येणार होते. हेडमास्तरांनी वैरागकरांना सगळ्यांसमोर बजावलं, की तपासणीत चौथी नापास झाली तर वर्ग काढून घेईन आणि तुम्हाला कचेरीत हजेरीपट लिहायला बसवीन. वैरागकरांचं तोंड एवढंसं झालं. बसायची शिक्षा त्यांना पहिल्यांदाच होत होती.

तपासणीच्या दिवशी हेडमास्तरांनी कुठलीही जोखीम घेतली नाही. सकाळी स्वतः जाऊन चौथीला रांगेत मांडी घालून बसवलं, घडी घालायला लावली, तोंडावर बोट. वैरागकरांना म्हणाले, आज एकही पोर हललं तर याद राखा.

डेप्युटीसाहेब आले. मी फळ्यांच्या फटीला डोळा लावून होतो. साहेबांनी विचारलं, नीरा नदी भीमेला कुठं मिळते? गप्प. बार्शी तालुक्याच्या पश्चिमेला काय? गप्प. माढ्याचं पोरगं छताकडे बघत होतं, सांगोल्याच्या डोळ्यांत पाणी. बसून विचार करायची सवयच नाही, तर बोलणार काय? साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. खरं सांगतो, आधी मला बरंच वाटलं. मग वैरागकरांकडे नजर गेली. फळ्याला पाठ टेकून ते उभे होते आणि खडू मुठीत धरून त्याचा भुगा करत होते.

तेवढ्यात राजय्या उठला. कुणाला न विचारता त्यानं कोपऱ्यातलं धोतर घेतलं आणि सरळ अंगणात गेला. हेडमास्तर दबक्या आवाजात दटावू लागले. पण नदी निघाल्यावर गावं कशी बसून राहतील? करमाळा उठलं, माढा उठलं, मोहोळ उठलं. अक्कलकोटानं मास्तरांच्या डोक्यावरचं पागोटं उचललं आणि धूम ठोकली. बघता बघता वर्ग रिकामा. साहेब चष्मा पुसत त्यांच्यामागे गेले, आणि त्यांच्यामागे मीही, माझी तिसरी वाऱ्यावर सोडून.

मग काय विचारता! साहेबांनी विचारायचा अवकाश, गावं स्वतःच उत्तरं देत होती. शेजारी कोण, पीक कसलं, वाट कुठून, सगळं धडाधड. साहेबांनी बार्शीला जवळ बोलावलं. बार्शी जागची हलेना.

“सायेब, गाव कसं येईल? तुमीच या की.”

साहेब निघाले. मधेच थबकून त्यांनी मोहोळाला काही विचारलं, तर मागून बारीक आवाज आला. राजय्याचा मराठी आवाज आम्ही कुणीच तोपर्यंत ऐकला नव्हता.

“सायेब, तुमी माज्यात उभं हाय. पाणी लई हाय.”

साहेबांनी खाली पाहिलं. दोन्ही पाय सीनेच्या धोतरावर. आणि त्या एवढ्या मोठ्या अंमलदारानं काय करावं? विजार गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि उडी मारून काठ गाठला. अंगणभर नुसता हशा. हेडमास्तरसुद्धा हसले, साहेब हसल्यावर.

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, की चौथी वैरागकरांकडेच ठेवावी आणि बाकीच्या मास्तरांनी ती जाऊन बघावी. हेडमास्तर लगेच म्हणाले, आमच्याकडे ही पद्धत पहिल्यापासूनच आहे. पोरांनी वैरागकरांना खांद्यावर घेऊन मिरवलं. पागोटं तोवर अक्कलकोटाकडून हिसकून वेळापुरानं डोक्यावर घातलं होतं.

शाळा सुटल्यावर मी अभिनंदन करायला गेलो. मास्तर हौदावर धोतर धुवत होते. मी म्हटलं, खडूचा भुगा होईस्तोवर काय घाबरायचं मास्तर, वर्ग गेला असता तर हजेरीपट लिहिले असते. पगार तोच होता.

त्यांनी पिळा घातला, धोतर दोरीवर टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी वैरागच्या शाळेत चार वर्षं मागच्या रांगेत बसलो. मास्तर भला माणूस होता, कधी मारलं नाही. पण चार वर्षांत त्यानं मला एक प्रश्न विचारला नाही. मी हाय का न्हाय, त्याला ठाऊकच नव्हतं. घरात आता माझं कुणी न्हाय, त्याचं मला काही वाटत न्हाय. पण माझ्या हातनं एखादं पोर असं बसून राहू नये, एवढंच मला वाटतं.”

राजय्या आदलं सबंध वर्ष माझ्या तिसरीत होता, मागच्या रांगेत, आणि तो मुका आहे अशीच माझी समजूत होती.