जुन्या आवृत्तीचे नाना

नवा माणूस भेटला की आमचे नाना उपाध्ये त्याला नाव-गाव विचारत नाहीत. "तुमच्याकडे पायथन कितवा?" असं विचारतात. इकडे हिंदी मुलखात, आमच्या दौलतगंज बाजारात एका मिठाईवाल्याच्या गल्ल्यावर संगणक दिसला, तर त्यालाही विचारलं. तो बिचारा म्हणाला, "भाईसाब, हमारे यहाँ तो बस दूध-जलेबी है."

पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा. तिची अधूनमधून नवी आवृत्ती निघते आणि जुनीला कोणी विचारेनासं होतं. नानांचे पूर्वज इथल्या मराठी दरबारचे ज्योतिषी; नानांनी निवृत्तीनंतर त्या विद्येचा प्रोग्राम केला. गावाचं नाव द्या, तिथली तिथी, एकादशी, चंद्रोदय हजर. कोणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते आणि पोटासाठी हेच काम करते, म्हणून सुधारायला मीही बसते. म्हणजे मी सुधारते आणि नाना म्हणतात, "तुम्हा पोरींना सगळ्याचीच जल्दी."

जल्दी कशाची, तर जुना पायथन सोडायची. बनवणाऱ्यांनीच तो कधीचा वाऱ्यावर सोडला होता. चतुर्थीची साधी चूक सुधारली तरी ती दुरुस्ती नव्यात चालायची, जुन्यात अडायची, आणि मग नाना पूजा बाजूला ठेवून पंचा नेसून मशीनपुढे बसायचे. मी कुरकुरले की उत्तर ठरलेलं, "अगं, पंगत उठली नाहीये अजून." शेवटच्या माणसाचा ताकभात संपेपर्यंत बाकीच्यांनी पानावरून उठायचं नाही, हा उपाध्यांच्या घरचा नियम त्यांनी सॉफ्टवेअरला लावला होता.

मग बंगळूरच्या एका मोठ्या प्रकल्पाने नानांचं पंचांग आपल्यात सामील करून घ्यायचं ठरवलं. अट एकच, जुनी आवृत्ती बंद. व्हिडिओ मीटिंगला नाना कोट घालून बसले. तिकडचा मुलगा अदबीने म्हणाला, "सर, डेटा के हिसाब से पुराना वर्ज़न अब कोई यूज़ नहीं करता."

"बेटा," नाना म्हणाले, "खाना डेटा नहीं खाता. आदमी खाता है."

जेवणाचा विषय कुठून निघाला हे त्याला कळेना. त्याने मीटिंग पुढे ढकलली.

नानांच्या पंगतीतला हा शेवटचा आदमी म्हणजे तंजावरचे रावसाहेब. तिथल्या एका मठाच्या फळ्यावर ते तिथी लिहितात. दर एकादशीला त्यांचा फोन यायचा, यंत्र अडलं म्हणून. ते एरर वाचून दाखवायचे, नाना इलाज सांगायचे आणि मग गाडी आमटीत चिंच किती यावर जायची. रावसाहेबांची मराठी तमिळमध्ये मुरलेली, नानांची हिंदीत. फोन ठेवला की नाना म्हणत, "बिचाऱ्याची भाषा एकदम खराब झाली आहे, भाई." तिकडे रावसाहेबही तेच म्हणत असणार. दोघं कधी भेटले नव्हते. नाना एकटे राहतात. खालून एरवी फक्त कुकरची शिटी ऐकू येते. एकादशीला हसणं ऐकू यायचं.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "नाना, रावसाहेबांच्या मशीनवर मी इथूनच नवा पायथन घालून देते. प्रश्नच मिटला."

नाना बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "त्याच्याकडे नवाच आहे गं. कधीपासून."

"कशावरून?"

"तो जो एरर वाचतो ना, तो जुन्यात येतच नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तो पण कुठे बोलला? त्याला वाटतं, जुनी मशीन आहे म्हणून नाना आपल्याशी बोलतात." चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मी म्हटलं, वाटू दे."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, फार वाईट वाटलं. पुढे मी तो विषय काढला नसता; पण एकदा तोंडून निघाल्यावर नानांनाच राहवेना. पानावर कोणी नसताना पंगत चालू आहे असं लोकांना सांगत राहणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. पितृपक्षातल्या एकादशीला रावसाहेबांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"रावसाहेब, आता जुना नाही चालणार हं. बंद करतोय आम्ही."

फोन स्पीकरवर होता. रावसाहेब म्हणाले, "असं होय? मग पुतण्याला सांगून नवं घालून घेतो."

"हां, घालून घ्या."

आमटीचं त्या दिवशी कोणी काढलं नाही.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर नानांनी स्वतःच्या हाताने जुनी आवृत्ती काढली. पंचांग मोठ्या प्रकल्पात गेलं आणि बिनबोभाट चालू लागलं. बंगळूरच्या मुलाने अभिनंदन कळवलं. मला मात्र अजून वाटतं, राहू द्यायला हवी होती ती. सॉफ्टवेअरमध्ये इतका कचरा पडून असतो, त्यात हिचंच काय ओझं झालं होतं?

दुसऱ्याच दिवशी एकादशी. साबुदाण्याची खिचडी घेऊन मी खाली गेले. नानांनी फोन चार्ज करून जवळ ठेवला होता. खिचडी खाऊन झाली, चहा झाला, फोन काही वाजेना.

न राहवून मी म्हटलं, "नाना, तुम्हीच लावा ना."

"आणि काय बोलू?" नाना म्हणाले. "त्याचं सगळं ठीक चालतंय."