दुसरी 'ब'मधल्या शैलजाबाई

सकाळी साडेनऊला वॉशिंग मशीनने शैलजाबाई बोंद्रे यांना आठ वर्षांखालील बालक ठरवलं आणि दाराला कुलूप लावून घेतलं. शैलजाबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या.

कराडच्या एका मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका. मशीनमध्ये त्यांच्या कबड्डी संघाच्या बारा जर्सी होत्या आणि चौदा वर्षांखालच्या मुलींचा अंतिम सामना तीन वाजता होता. जुन्या मशीनला एकच खटका होता, तो फिरवला की कपडे धुतले जायचे. या नव्या मशीनवर गुळगुळीत काच होती, काचेवर चौदा चित्रं होती आणि त्यांतलं एकही चित्र कशाचं आहे हे सांगता येत नव्हतं. शैलजाबाईंनी आधी सदरा दाबला, मग थेंब, मग चंद्रकोर. ओल्या बोटाने काही होईना, म्हणून बोट पदराला पुसून पुन्हा दाबलं.

"क्रम चुकला," मशीन म्हणालं. "मोठी माणसं असं करत नाहीत. पालकांना बोलवा."

"अरे, या घरात मीच मोठी आहे!"

"सगळी मुलं असंच म्हणतात."

दाढीचा फेस तसाच ठेवून त्यांचे यजमान विलासराव बाहेर आले. "थांब, मी बोलतो," म्हणाले.

"आपण कोण?" मशीनने विचारलं.

"मी हिचा नवरा."

मशीनवर लाल दिवा लागला. "मुलीचं वय आठच्या आत. आपलं?"

"अठ्ठावन्न."

"प्रकरण गंभीर आहे. नोंद करू का?"

विलासराव उलट पावली आत गेले आणि त्यांनी दाराला कडी लावली.

शैलजाबाईंनी दातओठ खात कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग अतिशय गोड आवाजात ती म्हणाली, "बाळा, फोन जरा घरातल्या मोठ्या माणसाकडे देतेस का?"

शेवटी साडेबाराला शैलजाबाईंची आई रिक्षाने आली. वय ब्याऐंशी, पण कणा ताठ. तिने काचेवर अंगठा टेकवला. काचेला तो अंगठा वाटलाच नाही. पाच वेळा टेकवून झाला, तेव्हा मशीनने तोंडी जबाब चालेल असं सांगितलं.

"ही मुलगी आपली?"

"माझीच. थोरली."

"ही लहान आहे की मोठी? खरं सांगा."

"आई, मोठी म्हण," शैलजाबाई कुजबुजल्या.

आईचे डोळे भरून आले. "आईला काय रे," ती मशीनला म्हणाली, "लेकरू कितीही वाढलं तरी लहानच."

"म्हणजे कुलूप योग्यच होतं," मशीन म्हणालं. "नोंद कायम करतो."

"आई!" शैलजाबाई किंचाळल्या. "काय बोललीस हे?"

"ओरडू नकोस गं मशीनसमोर. बस त्या स्टुलावर."

शैलजाबाई स्टुलावर बसल्यावरच मशीनने जर्सी धुतल्या आणि दार उघडलं. आईने बारा जर्सी मोजून काढल्या. इस्त्रीचं यंत्रही नव्या पद्धतीचं होतं, त्याने शैलजाबाईंकडे पाहून तापायला नकार दिला. जर्सी दमट त्या दमटच मैदानावर गेल्या.

मैदानात पंच घोरपडे यांनी यादी तपासायला फोन उघडला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. नोंद तिथवर पोहोचली होती. "बाई, तुम्हाला प्रशिक्षक म्हणून बसता येणार नाही. वयाने अज्ञान आहात."

"घोरपडे, आपण बीपीएडला एका वर्गात होतो!"

"होतो. पण नोंद आहे ना."

सरावात पाय मुरगळल्याने एक मुलगी बाहेर बसली होती. शिवाय गोवराने पाचजणी घरी. राखीव मुली धरूनही संघात सहाच उरल्या आणि सामना सोडून द्यायची वेळ आली. कर्णधार प्रणोती शिर्केने पंचांना सरळ विचारलं, "सर, आठच्या आत म्हणजे चौदाच्याही आतच ना?"

घोरपड्यांनी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. "हो," ते म्हणाले. "पालकांची संमती लागेल."

आईने कागदावर सही केली. कागदाने काहीही विचारलं नाही.

शैलजाबाईंना जर्सी दंडात घट्ट बसली. सकाळपासूनचा सगळा संताप घशाशी घेऊन त्या चढाईला गेल्या. त्यांचा दम इतका लांबला की समोरच्या मुली मागे सरत सरत रेषेवर आल्या. पहिल्याच चढाईत तिघी बाद झाल्या. चौथीने पाय धरला, तिला ओढत शैलजाबाई आपल्या बाजूला आल्या. संघ अकरा गुणांनी जिंकला. आईने काठावरून टाळ्या वाजवल्या आणि घाम पुसायला हाक मारली.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी शिक्षकांच्या हजेरीपटावरून त्यांचं नाव काढलं आणि दुसरी 'ब'च्या पटावर चढवलं. शैलजाबाईंनी लेखी हरकत घेतली. अक्षर सुबक आहे, असा शेरा घेऊन ती परत आली. उंचीमुळे त्यांना मागचा बाक मिळाला.