अर्ध्या चेहऱ्याचा व्हिसा

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत कासारे सरांकडून फोटो काढून घ्यायचा असेल, तर लोक जेवून जातात. सरांना एका फोटोला दीड तास लागतो. त्यातला सव्वा तास ते कॅमेऱ्याला हातही लावत नाहीत. समोरच्याला खिडकीशी बसवतात, स्वतः भिंतीला टेकतात आणि उजेडाची वाट बघतात. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी.

"सर, एवढं ऊन आहे की!" असं म्हटलं की म्हणतात, "ते ऊन गं. उजेड अजून यायचाय."

सर एका कला महाविद्यालयात फोटोग्राफी शिकवायचे. त्यांचे फोटो परदेशातल्या मोठमोठ्या भिंतींवर लागलेत म्हणे. चाळीत मात्र त्यांची कीर्ती वेगळीच. तळमजल्यावरच्या पवारांनी मुलीच्या साखरपुड्याला हौसेनं सरांना बोलावलं. अल्बम आला तर त्यात अंगठी नाही, हार नाही, नवरामुलगा तर औषधालाही नाही. पहिले अकरा फोटो दारातल्या चपलांचे, आणि शेवटचा पवारांच्या पाठीचा.

"सर, मुलगी कुठाय?" पवार रडकुंडीला आले.

"बापाची पाठ बघा. सगळी मुलगी तिथेच आहे."

पवारांनी तो अल्बम व्याह्यांना आजतागायत दाखवलेला नाही.

शिकवण्याची तऱ्हाही तीच. पहिला महिनाभर मुलांनी कॅमेरा आणायचा नाही. वर्गात मधोमध एक बादली ठेवायची आणि तिच्याकडे बघायचं. एकदा सर बारा मुलांना घेऊन कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेले. बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींनी सगळ्यांना फैलावर घेतलं. "नुसते बघता काय? लावा हात!" सरांना हे इतकं पटलं, की त्यांनी मुलांना कॅमेरे पिशवीत टाकायला लावले आणि दुपारपर्यंत बोंबील टांगायला लावले. मार्कही त्यावरच दिले. "ज्याच्या हाताला वास, तो पास!" पालकांची तक्रार प्राचार्यांपर्यंत गेली. सर म्हणाले, "प्राचार्यांनाही पुढच्या वेळी नेतो."

अशा माणसाकडे माझी आई व्हिसाचा फोटो काढायला गेली. मस्कतला माझ्या ताईला सातवा महिना लागला होता, बाळंतपणाला आईला जायचं होतं. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जा. पण आईचं एकच, "शेजारी एवढा मोठा फोटोग्राफर असताना?"

दीड तासानं आई परत आली. चार दिवसांनी फोटो आला. फोटो खरंच सुंदर होता. आईचा डावा गाल उजेडात, उजवा पूर्ण काळोखात, नजर कुठेतरी खाली. व्हिसा एजंटनं तो उलटसुलट करून बघितला आणि मला विचारलं, "मॅडम, ह्या अर्ध्याच जाणारेत का?"

आईचा असा संताप झाला की विचारू नका. स्टुडिओत जाऊन चार मिनिटांत दोन्ही कानांसकट फोटो काढून आली आणि सरांशी बोलणं बंद केलं.

त्यानंतर सरांचं काळ्या घोड्याजवळच्या गॅलरीत प्रदर्शन लागलं. आमंत्रणपत्रिका आईच्या नावानं आली. आई गेली ती भांडायलाच, मी सोबतीला. आत शिरलो तर समोरच्या भिंतीवर दरवाजाएवढी आई! पुढ्यात माणसं गप्प उभी. एका मोठ्या चष्म्याच्या बाईंनी आईला ओळखलं, तिचा हात हातात घेतला आणि हळव्या आवाजात विचारलं, "त्या क्षणी कुठलं दुःख आठवत होतं तुम्हाला?"

"गॅसवर दूध ठेवून आले होते," आई म्हणाली. "तासभर झाला होता."

सर कोपऱ्यात एकटेच टाळ्या वाजवत होते. तरी आई त्यांच्याशी बोलली नाही. तशीच मस्कतला गेली.

ती तिकडे असताना सर निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल मिळाली. पहिले काही दिवस सर नेहमीसारखे नऊला खांद्याला झोळी अडकवून निघायचे आणि तासाभरात परत यायचे. मग तेही थांबलं. पेपर दुपारपर्यंत दाराबाहेर पडून राहायला लागला. एकदा मी पोहे घेऊन गेले, तर सर खिडकीकडे पाठ करून बसलेले.

"सर, उजेड आलाय," मी आपली गंमत केली.

"येऊ दे," एवढंच म्हणाले.

हे मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला नातवाचा पाय दाखवला.

तीन महिन्यांनी आई आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल घेऊन थेट सरांच्या दारात. मी मागोमाग.

"सर, नातवाचे नऊशे फोटो काढलेत. सगळे हललेत. जिथं तो हलला नाही, तिथं माझं बोट आलंय."

सरांनी मान वर केली. "वहिनी, तुम्ही माझ्याशी बोलत नाही ना?"

"बोलत नाहीच. शिकायला आलेय."

सरांनी नऊशेच्या नऊशे फोटो एकेक करून बघितले. माझा चहा दोनदा गार झाला. एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं. त्यात बाळ जवळजवळ नव्हतंच. दुपट्याचं टोक आणि त्यातून निघालेली एवढीशी मूठ.

"हा कसा काढलात?"

"चुकून आलाय तो."

"चुकून नाही, वहिनी. तुम्ही बघत होतात." सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी लोअर परळला ऑफिसला निघाले, तर सरांचं दार सताड उघडं. सर इस्त्रीच्या शर्टात उभे. हातात कोरी वही, तिच्यावर पट्टीनं आखलेले रकाने. आई उंबऱ्यात. सरांनी तिच्याकडे बघितलंही नाही. वहीत नजर ठेवून, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ते म्हणाले,

"मोरे, शालिनी!"

आईनं पदर सारखा केला. "हजर, सर."

सरांनी जपून खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

"वा," ते म्हणाले, "आज सगळे आलेत."