सोंडभर पाणी आणि महाराजांची शेपटी

मुलांनो, मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका. एका जंगलात उन्हाळ्यात गवत वाळलं की वणवे लागत, म्हणून तिथे अग्निशमन दल होतं. दलाचे प्रमुख होते सोंडोपंत हत्ती. कामसू, पण जरा घाबरट. अजून ते हंगामीच होते. 'अग्निसुरक्षा सप्ताह' नीट पार पडला, तर सिंहमहाराज त्यांना कायम करणार होते.

प्रमुखाच्या जबाबदाऱ्यांची यादी सोंडोपंतांना तोंडपाठ होती. तिच्यात अकरा कलमं होती. पाहुण्यांच्या खुर्च्या, हार, नारळ, मानवंदना, चहा असं करत करत दहा कलमं संपत. अकरावं होतं, 'सवड मिळाल्यास आग विझवणे.'

सप्ताहाचं उद्घाटन होतं. कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात शेवटी, आभारानंतर, आग विझवण्याचं प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी सोंडोपंत सकाळपासून सोंडेत पाणी भरून मंचाशेजारी उभे होते. त्यामुळे त्यांना बोलायची सोय नव्हती.

सूत्रसंचालनाला पोपटराव होते.

"आता महाराजांच्या शुभ पंजाने दीपप्रज्वलन होईल," ते म्हणाले.

महाराजांनी समई लावली, टाळ्या घेतल्या आणि वळले. वळताना शेपटीचा गोंडा समईवरून गेला आणि धुमसायला लागला. महाराज तसेच भाषणाला उभे राहिले. भाषण करताना त्यांना दुसरं काही जाणवत नसे.

"धूप मस्त आहे हो," पहिल्या रांगेतलं अस्वल शेजारच्या सांबराला म्हणालं.

सोंडोपंत पेचात पडले. फवारावं तर महाराज भिजणार आणि नोकरी जाणार. न फवारावं तर शेपटी जाणार. खूण करावी म्हणून त्यांनी सोंड वर केली.

"सोंडोपंत महाराजांना मानवंदना देत आहेत," पोपटराव म्हणाले. "जोरदार टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. तेवढ्यात गोंड्याने पेट घेतला आणि ज्वाळा वर सरकायला लागली. सोंडोपंतांनी डोळे मिटले आणि पाणी सोडलं.

आग विझली. पण महाराजांची आयाळ कपाळाला चिकटली आणि भर सभेत ते भिजलेल्या मांजरासारखे दिसायला लागले. त्यात एक माकड हसलं, तिथेच घोटाळा झाला.

चौकशी समिती बसली. कोल्हेसाहेब अध्यक्ष होते.

"प्रात्यक्षिक आभारानंतर होतं. तुम्ही आधीच का उरकलंत?"

"साहेब, महाराजांच्या शेपटीला आग लागली होती."

"कुठे आहे आग?"

"विझवली ना मी."

"म्हणजे पुरावा तुम्हीच नष्ट केलात," कोल्हेसाहेब म्हणाले आणि तसं लिहून घेतलं.

सोंडोपंतांना फार वाईट वाटलं, कारण समोर महाराज त्याच शेपटीने माशा वारत बसले होते. सोंडोपंतांची बदली केळीच्या बागेला पाणी घालायला झाली. दोन दिवसांत त्यांना बरं वाटायला लागलं.

पोपटराव दलाचे प्रमुख झाले. पुढच्या वर्षी पुन्हा सप्ताह, पुन्हा समई, पुन्हा गोंडा. पोपटरावांनी अजिबात घाई केली नाही. सगळ्यांना आग नीट दाखवली, पंचनामा केला, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मग आग आपोआप विझली, कारण शेपटी संपली होती.

महाराजांनी पोपटरावांना शौर्यपदक दिलं. समारंभात महाराजांच्या माशा वारायला दोन हरणं उभी होती.

तात्पर्य: आग जरूर विझवावी, पण चौकशीपुरती थोडी शिल्लक ठेवावी.