गाळलेली जागा

अर्ज लिहावा तर मीच! हे मी नाही, अख्खं गाव म्हणतं. (गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यात आहे एवढं पुरे, वरचे साहेबही वाचतात.) म्हशीच्या विम्यापासून रोहित्राच्या तक्रारीपर्यंत सगळे अर्ज माझ्या हातचे. माझा अर्ज एकदाच परत आला, तोही साहेब रजेवर होते म्हणून!

नोकरीनं मात्र मी खेळाचा शिक्षक. आमच्या सरकारी हायस्कुलात शिक्षकांच्या आठ जागा मंजूर, त्यातल्या भरलेल्या चार. लिपिक नाही, शिपाई नाही. रंगनाथसर इंग्रजी शिकवतात, शिवाय ते प्रभारी मुख्याध्यापक, शिवाय लिपिक. घंटा देतात खिचडी शिजवणाऱ्या सरजाबाई. त्यामुळं डाळ शिजली की दुसरा तास संपतो, आणि वाटाणा असला की इतिहास दीड तास चालतो! दहावीचं गणित माझ्याकडं. का? तर कवायतीला मी पोरं मोजतो म्हणून!

दहावीत कावेरी नावाची मुलगी होती. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं. ती रोज विचारायची, "सर, त्रिकोणमिती कवा घेनार?"

"आधी मैदानाला दोन फेऱ्या मारून ये!"

ती बिचारी मारून यायची, आणि मला मनातून फार लाज वाटायची. बोर्डाची परीक्षा चार महिन्यांवर आली होती आणि त्रिकोणमितीशी माझी ओळख फक्त मुखपृष्ठापुरती होती. शेवटी मी ठरवलं, या पोरीला गणिताचा मास्तर आणून द्यायचाच!

"सर, पाच वर्षं आपण नुसतं 'रिक्त' लिहायलोत," मी रंगनाथसरांना म्हणालो. "कोन बघतंय? नुसता पाऊस म्हणलं तर कोनी येत न्हाई. अतिवृष्टी म्हणलं की साहेब गाडी काढतेत! आपण लिहू, 'अति रिक्त'!"

सरांनी चष्मा काढला. "भुजंग, दोन शब्दांत जागा सोड बरं का. जोडलास तर मेलोत आपण!"

जे शिक्षक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. 'रिक्त' म्हणजे माणूस नाही. 'अतिरिक्त' म्हणजे माणूस गरजेपेक्षा जास्त, त्याला उचला आणि दुसऱ्या शाळेत टाका! शिक्षक विंचवाला भीत नाही एवढा या शब्दाला भितो.

"सर, मला शिकवता का?" मी म्हणालो, आणि ऑनलाइन अर्ज भरायला बसलो.

शेऱ्याच्या चौकटीत अक्षरांना मर्यादा होती. माझं वाक्य होतं, 'गणित विषयाचे पद पाच वर्षांपासून अति रिक्त आहे'. नेमकं एक अक्षर जास्त झालं! आता काय काढायचं? एकेक शब्द मोलाचा! मग मी दोन शब्दांमधली एक मोकळी जागा काढली. तिच्यात काही लिहिलेलंच नव्हतं! कोणत्या दोन शब्दांमधली, ते मात्र बघितलं नाही. बटण दाबलं, अर्ज गेला.

नवव्या दिवशी शाळेपुढं जीप थांबली. आतून इस्त्रीच्या कपड्यातले एक गृहस्थ उतरले.

"मी सिताराम. ताडकळसच्या बाजूनं आलोय. गणितासाठी."

"गणितासाठी!" मी ओरडलोच. "या, या! लय वाट बघायलोत!"

"आमी बी लय वाट बघितली!"

मी शाल आणवली, नारळ दिला. सरजाबाईंनी आनंदात डाळ कच्ची असतानाच घंटा दिली. आम्ही त्यांना थेट दहावीच्या वर्गात नेलं. कावेरी तर वही उघडूनच उभी राहिली.

"सर, आजपासूनच?"

"आजच!" सितारामसर म्हणाले. "जीप घेऊनच आलोय की! बोलवा, कुठंयत ते?"

"कोण?" रंगनाथसरांनी विचारलं.

"तुमचे गणिताचे अतिरिक्त मास्तर! मी तिकडचा मुख्याध्यापक. आमच्याकडं गणिताला कोनीच न्हाई. तुमच्याकडं पाच वर्षांपासनं जास्तीचा हाय म्हणं!" आणि त्यांनी खिशातून आदेश काढला.

रंगनाथसरांनी तो वाचला आणि माझ्याकडं बघितलं. मी फळ्याकडं बघितलं.

"गणित कोन शिकवतं रे पोरांनो?" सितारामसरांनी विचारलं.

चाळीस बोटं माझ्याकडं!

"अहो, मी खेळाचा!"

"वर्गाच्या रजिस्टरात गणिताच्या तासाला सही तुमचीच हाय की! बसा जीपमदी."

माझीच शाल, माझाच नारळ, आणि दोन्ही घेऊन निघालेले ते! निघताना कावेरी फाटकापर्यंत आली.

"सर, आता फेऱ्या मारायला लावनारं बी कोनी न्हाई," ती म्हणाली.

मी शिट्टी काढून तिच्या हातात दिली. आणि ताडकळसच्या जीपमध्ये जाऊन बसलो.

महिन्याभरानं रंगनाथसरांचा फोन आला. "भुजंगा! गणिताला मैथिली मॅडम रुजू होऊन दहा दिवस झाले!"

"कसं काय?"

"अरे, कागदावर तू गणिताचा मास्तर म्हणून इथून सुटलास. काम्प्युटरला वाटलं, कालपर्यंत मानूस होता, आज जागा मोकळी झाली. जुनी मोकळी जागा त्याला दिसत न्हवती, नवी झटक्यात दिसली!"

आता बोला! म्हटलं होतं ना मी, मास्तर आणून देतो म्हणून? अर्ज लिहावा तर मीच!

मी रुबाबात म्हणालो, "कावेरीला फोन द्या."

"सर, मॅडम लय भारी शिकवायल्यात!" कावेरी खुशीत होती. "त्रिकोणमिती सुरू झाली!"

"मी शिकवलेलं कामी आलं की न्हाई?"

"आलं की सर. मॅडमनी पैले आठ दिवस तेच पुसून घेतलं."

मी फोन ठेवला. समोर सितारामसर कोरा कागद घेऊन उभे होते.

"भुजंगसर, तुमी अर्ज झकास लिहिता म्हणं. लिहा, आमच्या शाळेत गणिताचं पद रिक्त हाय."

"अहो सर, मी आहे की!"

"म्हणूनच म्हणलो," सितारामसर म्हणाले.