जप्तीचे बोंबील

रंगूबाईनं त्या दिवशी तोंड मिटून ठेवलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण रंगूबाई आणि तोंड मिटणं! स्वतःच्या लग्नात अंतरपाटामागून भटजींना "जरा आटपा, भात गार होतोय" असं बजावणारी बाई ती.

झालं असं, की जूनच्या सुरुवातीला वाडीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं. कुठल्याशा संस्थेचं. रंगूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्यात दूध, उजव्यात धूर. तिला डोळे हवे होते ते नातवंडांची तोंडं बघायला नव्हे. (नातवंडं रडण्यावरून ओळखता येतात, तीही दोन घरं पलीकडून.) तिला डोळे हवे होते बांधासाठी. शेजारचं शेत तिच्या जावेचं, ठकीचं. ठकी दरवर्षी भाताच्या आवणीच्या आधी बांध वीतभर इकडे सरकवते अशी रंगूबाईची पक्की खात्री होती. धड दिसत नाही म्हटल्यावर वीत की हात, बघणार कोण? नवरा देवराम? त्याच्या अंगावरून बांध नेला असता तरी त्यानं कूस बदलून वाट करून दिली असती.

शिबिराच्या डॉक्टरनं तिच्या दंडाला पट्टा आवळला, फुस्स फुस्स केलं आणि मान हलवली.

"मावशी, वरचा आकडा एकशे नव्वद. एवढ्या बीपीवर ऑपरेशन करता येणार नाही."

"माझा डोळा बिघडलाय, दंड नाय," रंगूबाई बोलली. "आणि मला एकशे नव्वद, तर ह्यांना किती? बघा!" तिनं देवरामला पुढे ढकललं.

देवरामचं निघालं एकशे वीस. "काकांचं अगदी छान आहे."

"असणारच! तीस वर्सं त्यांच्या वाटणीचं सगळं मीच घेतलंय."

वाडीतल्या मोतीबिंदूवाल्यांत बीपीवाले निघाले पाच. रंगूबाई, ठकी, लखमा, जना आणि दोन वेळा सरपंचकीला पडलेला रघू. मग संस्थेची रेश्मा म्हणून एक बारकीशी पोरगी पुढे आली आणि सगळ्यांना समजावून सांगायला लागली. मीठ कमी करायचं. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. रोज अर्धा तास चालायचं. ताण घ्यायचा नाही, रागावायचं नाही.

"चालायचं?" रंगूबाई कडाडली. "मग आजपर्यंत किन्हवलीला दळण घेऊन काय मी उडत जायची? आणि राग नाय करायचा, तर वाडीत ह्या जावेशेजारी राहायला तू येतेस का?"

"मावशी, आम्ही तुम्हाला एकटं सोडणार नाही. तीन महिने गोळ्या आणि दर मंगळवारी, शुक्रवारी आमचा फोन."

"पुढच्या महिन्याच्या गोळ्या आत्ताच देऊन ठेव."

"त्या अजून आल्या नाहीत. येतील."

"आणि फोन?"

"फोन नक्की येईल."

(गोळी येते की नाही कोणास ठाऊक, पण गोळी घेतलीत का हे विचारणारा फोन नक्की येतो. रंगूबाईचं बीपी तिथंच आणखी दहानं चढलं असणार, पण पट्टा काढून ठेवला होता.)

रेश्मानं फोन नंबर विचारले आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वाडीत फोन होते तीन. दोन फोन सकाळी मालकाच्या खिशातून मुरबाडच्या कारखान्यात जायचे ते संध्याकाळी परत यायचे. दिवसभर घरी राहणारा फोन एकच. रंगूबाईच्या मुलानं, संदेशनं, नवा घेतल्यावर आईला दिलेला जुना. तो रंगूबाईच्या कमरेला पिशवीत असायचा आणि ही गोष्ट ठकीला पुरेशी ठळकपणे कळलेली नाही असं तिला कायम वाटायचं.

"लिही गो," ती पिशवीवर थाप मारून बोलली. "माझाच लिही. पाचही जणांचा हाच."

बस. एवढंच ते तोंड उघडणं.

जाताना रेश्मानं अट सांगितली. पाच जणांचा हा एक गट. तीन महिन्यांनी तपासणी होईल. गटातल्या चौघांचं तरी दीडशेच्या खाली आलं तरच ऑपरेशनला न्यायची गाडी वाडीत येईल, नाही तर दुसऱ्या गावाला जाईल. आणि ज्यांचं उतरलं असेल त्यांचीच ऑपरेशनं होतील.

रंगूबाई शाळा शिकली चार यत्ता, पण हिशेबाला पक्की. घरी जाईपर्यंत तिनं हिशेब केला. चौघांचं उतरायला पाहिजे. ठकी, लखमा, जना, रघू, हे झाले चार. मग गाडी येणारच. गाडी आली की आपण बसायचं. आपलं उतरलं काय, न उतरलं काय! (अटीचं शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं होतं. कानावर पडलं आणि पुढे निघून गेलं.)

पहिला फोन मंगळवारी चार वाजता आला. "नमस्कार मावशी, रघूकाकांना देता का?" रंगूबाई डोक्यावर प्लास्टिक घेऊन चिखलातून रघूच्या घरी. तिथून लखमाच्या. लखमा शेतात, म्हणून शेतात. जना पाण्यावर गेलेली, म्हणून विहिरीवर. ठकीच्या दारात मात्र ती आत न जाता उंबऱ्याबाहेर हात लांब करून उभी राहिली, आणि ठकीनं दहा मिनिटं रेश्माला आपल्या गुडघ्यांची हकीकत सांगितली. फोन रंगूबाईचा, बॅटरी रंगूबाईची, लाईट दिवसातून आठ तास जाणारी, आणि गुडघे ठकीचे!

शुक्रवारी रघू फोनवर सांगत होता, "मॅडम, मीठ? मीठ तर मी चवीलाबी ठेवलं नाय. आळणी खातो. गाईसारखा."

रंगूबाईनं फोन हिसकला. "ए रेश्मा, खोटं बोलतोय हा! खारा बोंबील खाऊन उठलाय."

"वयनी, तुला दिसत तरी हाय का?"

"डोळे गेलेत रे माझे, नाक नाय गेलं!"

तिकडे रेश्मा हसली, आणि मग तिनं जे सांगितलं ते तिनं सांगायला नको होतं. "मावशी, तुम्हीच जरा सगळ्यांवर लक्ष ठेवाल का? तुमच्यामुळे गट टिकेल."

रंगूबाईला नुसता हवालदार केला असता तरी वाडीला जड गेलं असतं. ही तर एकदम फौजदार झाली.

दुसऱ्या दिवशीच ती टोपली घेऊन निघाली. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी, म्हणजे आगोट, प्रत्येकानं नुकतीच भरून ठेवलेली. मुरबाडच्या बाजारातून आणलेली सुकट, जवळा, बोंबील, खारे बांगडे. रंगूबाई घराघरात शिरली, नाक वर केलं, आणि नाक नेईल तिथं हात घातला. लखमानं बोंबील पेंढ्यात लपवले होते. तिथनं काढले. जनानं सुकट गोधडीत गुंडाळली होती. गोधडीसकट उचलली.

ठकी दारात आडवी उभी.

"माझ्या चुलीपाशी यायचं काम नाय!"

"तुझ्या चुलीपाशी कोण येतंय? तुझ्या शिंक्यापाशी आलेय. सरक."

"वा गो जप्तीवाली! आज बोंबील नेशील, उद्या मंगळसूत्र नेशील."

"बांध नेणारीनं मला शिकवू नये!"

"बांध? बांध मी नेते का तू? मला दिसत नाय म्हणून रोज सकाळी जाऊन काय करतेस तिथं, पूजा?"

"बोल, बोल! चढव अजून बीपी! आता लावते रेश्माला फोन." आणि रंगूबाईनं फोन कानाला लावला. (बॅलन्स संपून आठवडा झाला होता. पण ठकीला काय ठाऊक?) ठकी जराशी घुटमळली. मोतीबिंदू तिच्याही डोळ्यांत होता, आणि तिलाही बांध नीट बघायचाच होता. तिनं शिंकं खाली सोडलं. पण सोडताना बोलली, "खाऊन टाकू नको म्हणजे झालं."

असा राग आला रंगूबाईला! चार घरांच्या जिवासाठी ती झिजतेय, आणि ही असं बोलते!

मग चालणं सुरू झालं. सकाळी चौघांनी फाट्यापर्यंत जायचं आणि यायचं. रंगूबाई रस्त्यातल्या मोरीवर काठी घेऊन बसायची. लांबचं दिसत नसल्यामुळे तिनं हुकूम काढला, फाट्यावर पोचलं की आपापलं नाव ओरडायचं. आठवडाभर सगळं शिस्तीत चाललं. मग तिच्या ध्यानात आलं की रघू आणि लखमा हे दोघे रघूच्याच आवाजात ओरडतात. त्या दिवशी लखमाला वाटेतल्या आंब्याखालून काठीनं उठवण्यात आलं. तिथून पुढे तो रघूच्याही पुढे चालायला लागला.

इकडे घरात चार घरांची मासळी माळ्यावर. आषाढाची ओल. वाडीतल्या यच्चयावत मांजरी रंगूबाईच्या कौलांवर वस्तीला आल्या.

"वास येतोय गो," देवराम हळूच बोलला. "मऊ पडतील."

"मग काय फेकू? लोकांच्या घरचं अन्न उकिरड्यावर फेकू?"

"परत दे."

"परत दिले तर बीपी चढंल त्यांचं! माझी गाडी जाईल त्या दुसऱ्या गावाला!"

रंगूबाईनं विचार केला. फेकायचं नाही, परत द्यायचं नाही. उरला एकच मार्ग, आणि तो चुलीवरून जात होता. त्या दिवशी तिनं लखमाचे बोंबील भाजले. दुसऱ्या दिवशी जनाच्या सुकटीचं कालवण. वाया घालवायचं नाही, एवढंच. ठकीचे खारे बांगडे सगळ्यात सरस निघाले, ते तिनं पुरवून पुरवून खाल्ले. श्रावण लागायच्या आत माळा मोकळा करायचा म्हणून दोन्ही वेळा खाल्ले.

रेश्मा रंगूबाईची चौकशी शेवटी करायची, फोन टुकटुक करून मरायला आलेला असायचा तेव्हा.

"आणि मावशी, तुमचं काय? मीठ?"

"माझं काय गो! मी तर ह्यांच्यापाठी पळून अर्धी झाले."

"राग कमी झाला ना?"

"मला राग येतच नाय!" रंगूबाई अशी ओरडली की पडवीत बसलेली कोंबडी अंड्यावरून उठून अंगणात गेली. आणि फोन बंद पडला.

भाद्रपदात तपासणी झाली. जना एकशे बेचाळीस. लखमा एकशे सेहेचाळीस. रघू एकशे अडतीस, आणि लगेच तो सगळ्यांना हात जोडत फिरला, जणू निवडूनच आला. ठकी एकशे बत्तीस! रेश्मानं टाळ्या वाजवल्या. "चार झाले! गाडी तुमची!"

रंगूबाई तोवर शाळेपुढे उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसलेली. पुढच्या सीटवर. मांडीवर गाठोडं, डोक्याला तेल, नवं लुगडं. बीपीचा पट्टा तिनं गाडीतच लावून घेतला.

रेश्मानं आकडा दोनदा बघितला. "मावशी, एकशे अठ्ठ्याण्णव."

"असू दे. चार झाले ना? चल, काढ गाडी."

"मावशी, उतरा. ज्यांचं उतरलं त्यांनाच..."

"उतरवलं कोणी त्यांचं?" रंगूबाईचा आवाज फाट्यापर्यंत गेला. "तीन महिनं चिखल तुडवला. लोकांच्या चुली हुंगल्या, शिव्या खाल्ल्या. ह्या लखमाला आंब्याखालनं मी उठवला! ह्या ठकीचा एकशे बत्तीस हा माझा हाय, माझा! तुमच्या गोळ्या दोन महिनं आल्या नाय, फोन आला, तो मी घेतला! आणि आता माझे डोळे राहिले, आणि डोळे मिळणार बांधचोरीला?"

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण मावशी, तुमचंच का वाढलं? तुम्ही खात काय होता?"

रंगूबाई प्रथमच गप्प. आणि तीस वर्षांत चारचौघांत कधी आपणहून न बोललेला देवराम नेमका तेव्हा बोलला.

"बोंबील."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे," देवराम बोलला. आणि थोडं थांबून, माणूस खरा असल्यामुळे, "बांगडेबी."

ठकी चौथ्या दिवशी परत आली ती काळा चष्मा लावून. आधी बांधावर गेली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि हसत हसत घरी आली. का हसली, ते रंगूबाईला अजून कळलेलं नाही.

रंगूबाईला आणखी तीन महिन्यांची मुदत मिळाली, आणि रेश्मानं नवा नियम केला. ज्याचं बीपी चढलेलं त्याच्या हातात फोन नको. लक्ष ठेवायला घरातलं नसलेलं, कडक माणूस हवं. देवरामनं पिशवीसकट फोन ठकीला नेऊन दिला. (त्या दिवशी तो घरी जेवला नाही. त्याला वाढलंच नाही.)

शुक्रवारी चार वाजता ठकी फोन कानाला लावूनच आत आली. उंबऱ्याबाहेर थांबलीबिंबली नाही. सरळ चुलीपाशी.

"हां रेश्मा, बोल. चालते का? चालते तर! रोज फाट्यापर्यंत माझ्यामागं येते, फोन हिसकायला. राग? तो हाय तसाच हाय. थांब, टोप उघडून बघते."

"टोपाला हात लावू नको, सांगून ठेवते!"

ठकीनं झाकण उचललं. चष्मा कपाळावर सरकवला. वाकली.

"बोंबील हाय गो रेश्मा. एकच हाय म्हणते ही." मग तिनं डाव घातला, कालवण ढवळलं आणि सावकाश सरळ झाली. "नाय. तीन हायत. आता मला सगळं लख्ख दिसतं."